लफडं, लग्न आणि मधलं काहीतरी

आमच्या एदलाबादला मुलामुलींच्या बाबतीत दोनच शब्द होते. लफडं आणि लग्न. मधे काही नाही. (एदलाबाद म्हणजेच आताचं मुक्ताईनगर. पाटीवर नाव बदलून कितीतरी वर्षं झाली, पण आमच्या आईच्या तोंडी अजून एदलाबादच आहे.) एक मुलगा आणि एक मुलगी एसटी स्टँडवर पाच मिनिटं बोलताना दिसली की ते लफडं. तीच दोघं हळद लावून बसली की लग्न. तसे 'लाइन', 'सेटिंग', 'भानगड' वगैरे शब्दही होते म्हणा, पण आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ते सगळे 'लफडं' या क्लासचेच सबक्लास.

मी दहावीत होतो तेव्हा, म्हणजे १९९६ साली, आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडली. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. मे महिन्यात लग्न. ती सतरा वर्षांची होती; कायदा अठरा म्हणत होता, पण वऱ्हाड घेऊन निघालेल्या माणसांना कायदा कोण विचारतो? मुलाला आधी भरपूर मार पडला, मग त्याला सुरतला मामाकडे पाठवून दिलं. आमच्याकडे बिघडलेल्या सगळ्या गोष्टी सुरतलाच जायच्या. आता एवढ्या वर्षांनी मला गंमत वाटते ती एकाच गोष्टीची. चिठ्ठी 'सापडली' हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिच्यात लिहिलं काय होतं, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचं कन्यारत्न. वय वर्षं सोळा, मुक्काम पुणे, इयत्ता अकरावी. (हे लिहायला तिची रीतसर परवानगी घेतलेली आहे. तिने दोन अटी घातल्या: त्याचं नाव लिहायचं नाही आणि कॉलेजचं नाव लिहायचं नाही. मंजूर.)

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी मी इस्त्रीचे कपडे मोजत बसलो होतो. शर्ट अकरा, पँट चार असं चालू असताना ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी एका मुलाला डेट करतेय. आईला माहितीये."

खरं सांगतो, पहिल्या वाक्यापेक्षा दुसरं जास्त लागलं.

मी विचारलं, "डेट करतेय म्हणजे नक्की काय?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी 'क्लाउड म्हणजे नक्की कुठे असतं?' असं विचारणाऱ्या क्लायंटकडे बघतो. मग जरा दया येऊन तिने समजावलं. क्लास सुटला की बस स्टॉपपर्यंत चालत जायचं. रात्री फोनवर बोलायचं. रविवारी कधी मिसळ, कधी पिक्चर. त्याचं फिजिक्स अडलं की हिने आणि हिचं मूड अडलं की त्याने बघायचं. तो बारावीला आहे, एका वर्षाने मोठा. "आणि प्लीज, लग्न वगैरे डोक्यात आणू नका," हे तिने स्वतःच जोडलं. लफडं म्हणावं तर ती स्वतः होऊन सांगतेय. लग्न म्हणावं तर ते तिनेच आधी खोडून टाकलं. आमच्या गावचे दोन्ही शब्द एका फटक्यात बाद.

मित्रांना सांगितलं तर दोघांनी ताबडतोब फोनवर नजर ठेवणाऱ्या ॲपच्या लिंका पाठवल्या. आता तुम्हीही बहुतेक माझ्याच क्षेत्रातले, तेव्हा तुम्हाला माहीत आहे की असलं काही टाकायला मला पाच मिनिटंही लागणार नाहीत. मी टाकलं नाही. उदात्त तत्त्व वगैरे काही नाही, साधा धंद्यातला अनुभव आहे. लॉग वाचून जे घडलं ते कळतं, घडून गेल्यावर. आणि आपल्यावर नजर आहे हे कळलं की माणूस दुसरी वाट काढतो, दुसरं अकाउंट उघडतो, मैत्रिणीचा फोन वापरतो. मला लॉग नको होता. रात्री अकरा वाजता कुठे काही बिनसलं तर तिचा पहिला फोन आमच्यापैकी एकाला यावा, एवढंच हवं होतं.

एक गोष्ट मात्र केली. एका संध्याकाळी जुना फोन घेऊन तिच्याशेजारी बसलो. तिने एक फोटो काढला, डिलीट केला, आणि तो मी बॅकअपमधून परत काढून दाखवला. मग 'एकदाच बघता येतो' असा पाठवलेला फोटो दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपून दाखवला. अठरा वर्षांखालच्या कुणाचाही अश्लील फोटो बाळगणं किंवा पुढे पाठवणं किती महागात पडू शकतं, मग तो त्या मुलीने स्वतः राजीखुशीने पाठवलेला का असेना, हेही सांगितलं. "बाबा, मी वेडी आहे का?" असं म्हणाली, पण बॅकअपवाला भाग तिने दोनदा बघितला. शरीराबद्दलचं जे बोलायचं ते बायकोने बोलून घेतलं, अगदी जीवशास्त्राच्या पुस्तकाइतक्या सरळपणे. त्या दरम्यान मी स्वयंपाकघरात दोन वेळा चहा केला. कुणीच प्यायलं नाही.

असो. इथपर्यंत सगळं आमच्या तिघांत होतं. पण पिंपरी-चिंचवडमध्ये आमच्या खान्देशातली इतकी माणसं आहेत की पुण्यात शिंकलं की मुक्ताईनगरला रुमाल निघतो. नात्यातल्या एका काकूंना ही दोघं पाणीपुरीच्या गाडीवर दिसली. रात्री साडेनऊला फोटो माझ्या मोठ्या भावाच्या व्हॉट्सॲपवर.

भावाने फोनवर एक अक्षर काढलं नाही. डिसेंबरात आम्ही सुट्टीला घरी जाणारच होतो. पुण्याहून आझाद हिंदने भुसावळ, तिथून गाडीने हायवेवरून घर. दुसऱ्या दिवशी शेतात भरताचा बेत. आमच्याकडचं भरीत म्हणजे काय हे बाहेरच्यांना शब्दांत सांगणं अवघड आहे. ती हिरवट-पांढरी मोठाली वांगी काड्यांच्या जाळावर काळीठिक्कर भाजायची, सोलून लाकडाने ठेचायची, मग तेलात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या. माणसं अशा वेळी भांडत नाहीत. म्हणूनच बहुधा भावाने जेवण होऊ दिलं आणि मग "चल, मोटर पाहून येऊ" म्हणून मला केळीच्या बागेत नेलं.

"तुह्या पोरीचं काय चालू आहे?"

जे होतं ते सांगितलं.

"तुले माहीत आहे?" तो थांबलाच. त्याची सगळी तयारी मला धक्का द्यायची होती. धक्का त्यालाच बसला. मग म्हणाला, "आडनाव काय त्याचं?"

मी आडनाव सांगितलं. ते आपल्यातलं नव्हतं. आमच्या लेवा समाजात आडनाव सांगितलं की गाव कळतं, गाव कळलं की सोयरीक कळते, आणि पाच मिनिटांत कुणीतरी कुणाचा तरी साडू निघतो. या आडनावातून काहीच निघेना. भाऊ बराच वेळ केळीच्या घडाकडे बघत उभा राहिला.

"आपल्यातला असता तर वेगळी गोष्ट होती," तो म्हणाला.

"असता तर तू आत्ता मुहूर्त काढायला बसला असतास," मी म्हटलं.

यावर तो किंचित हसला देखील. पण लगेच मूळ मुद्द्यावर आला. "एक तक्रार ठोकून दे. पोरगी सोळाची आहे. पॉक्सोचं नाव काढलं की पोऱ्या चार दिवसांत सरळ होईन. आपल्याले काही केस चालवायची नाही, नुसता धाक."

आणि मग त्याने कोथळीच्या यात्रेचं काढलं. २०२५ च्या महाशिवरात्रीच्या सुमाराला आमच्या मुक्ताईच्या यात्रेत काही टवाळांनी मुलींचा पाठलाग केला, आणि पदावर असलेल्या एका आईला स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्यावी लागली. बातमी देशभर गेली. गावच्या माणसाला ती फार लागली होती. मुक्ताईच्या यात्रेत, आणि असं? भावाचं म्हणणं, जिथे एवढ्या मोठ्या माणसांच्या मुली सुरक्षित नाहीत तिथे आपण पोरीला मोकळं सोडायचं?

त्याचं रागावणं मला कळत होतं. पण माझ्या मते त्याने दोन उलट गोष्टी एका पोत्यात भरल्या होत्या. यात्रेतल्या मुलींना ते नको होतं, म्हणूनच तो गुन्हा. माझ्या मुलीने हो म्हटलेलं आहे. अडचण अशी आहे की अठराच्या आत कायद्याला हा फरक दिसत नाही, आणि माझी रात्रीची झोप उडवली ती याच गोष्टीने.

पॉक्सो लागू झाला नोव्हेंबर २०१२ मध्ये. त्याआधी आपल्याकडे संमतीचं वय सोळा होतं. या कायद्याने अठराच्या आतलं प्रत्येक माणूस बालक ठरलं, आणि बालकाच्या संमतीला किंमत नाही. कायदा ज्यांच्यासाठी केला त्या लेकरांना त्याची नितांत गरज होती, यात मला शंका नाही. नुसतं मिसळ खाणं आणि बस स्टॉपपर्यंत चालणं हाही गुन्हा नाही. पण लैंगिक हेतूने केलेला स्पर्श म्हटलं की तीन ते पाच वर्षं कैद. त्यापुढचं काही असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दहा वर्षं, मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. आरोपी मुलगा स्वतः अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. सोळाच्या वरचा असेल आणि गुन्हा गंभीर असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट २०१५ च्या कायद्याने उघडी आहे. आणि भावाला जे ठाऊकच नव्हतं ते हे की असा गुन्हा एकदा नोंदला की 'जाऊ द्या साहेब, आमचं मिटलं' म्हणून घरच्यांना तो मागे घेता येत नाही. 'नुसता धाक' नावाचं बटण त्यात नाहीच.

विधी आयोगाने २०२३ च्या सप्टेंबरात यावर अहवाल दिला, क्रमांक २८३. वय अठराच ठेवा म्हणाले, पण सोळा ते अठरामधल्या राजीखुशीच्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षा ठरवताना थोडी मोकळीक द्या असंही सुचवलं. पण ती मोकळीक मिळणार कधी? तर अटक, वैद्यकीय तपासणी, जबाब, उलटतपासणी हे सगळं झाल्यावर. आणि जबाब कुणाचा? माझ्या मुलीचाच. धाक पोराला घालायचा आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभी करायची आपली पोर.

हे सगळं मी भावाला केळीच्या बागेत उभ्याने सांगितलं. तो शेवटी एवढंच म्हणाला, "तुही पोरगी, तू पाह्य." हे रागाने म्हणाला की सुटका झाल्यासारखं, मला अजून कळलेलं नाही. पण तक्रार करणार नाही असा शब्द मी त्याच्याकडून तिथेच घेतला. मोटर मात्र आम्ही बघितलीच नाही.

आईला हे कुणी सांगायचं यावर आम्हा दोघा भावांत एकमत होतं: कुणीच नाही. ते संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी लेक आजीजवळ मेथी निवडत बसली होती, तिनेच सांगून टाकलं. मी ओट्यावरून ऐकत होतो.

"पोऱ्या कोनाचा हाये?" हा पहिला प्रश्न. अर्थात. आडनाव ऐकल्यावर थोडा वेळ नुसतीच मेथी.

मग लेकीने विचारलं, "आजी, तू माझ्याएवढी असताना काय करत होतीस?"

आईचं लग्न १९७३ सालचं. सोळा पूर्ण झाली होती, म्हणजे बरोबर आज नात आहे त्या वयाची. आणि ते कायदेशीर होतं! तेव्हा मुलीचं लग्नाचं वय पंधरा होतं. ते अठरा झालं १९७८ मध्ये. आजोबांच्या पिढीत, १९२९ च्या सारडा कायद्याने, चौदा होतं. त्याहून मागे जायचं तर १८९१ साली संमतीचं वय दहावरून बारा करायचं म्हटल्यावर पुण्यात केवढा गदारोळ झाला होता. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. सोळा हे वय आपण या दीडशे वर्षांत लग्नाच्या वयातून उचललं आणि बालपणाच्या कप्प्यात ठेवलं. चांगलंच केलं. फक्त ते जिच्या अंगात चालू असतं तिला विचारायचं तेव्हाही राहिलं होतं.

"तुला विचारलं होतं का पण, आजोबा आवडले का म्हणून?"

"मले कोन इचारते?" आई म्हणाली. "अंतरपाट काढला तेव्हा पाह्यलं म्या. त्याच्या आधी निस्ते पाय दिसत होते." मग हसायला लागली. "पाय चांगले होते."

दोघी इतक्या हसल्या की भाऊ आतून बघायला आला. हसणं ओसरल्यावर आईने नातीला विचारलं, "तुमच्या घरी जेवला का तो कधी?" नाही म्हटल्यावर तिला ते पसंत पडलं नाही. तिचा हिशोब सरळ आहे. जो रस्त्यावर भेटतो तो चोरीचा, जो ताटावर बसतो तो ओळखीचा. "घरी बोलाव, जेवू घाल, मंग समजते मानूस कसा खातो ते." आणि पुढच्याच श्वासात, "पन गावात कोनाले सांगू नको बाप्पा." आमची आई काही पुरोगामी नाही. नातीचं आणि तिचं मेथी निवडण्यापुरतं जमलं, एवढाच अर्थ मी काढला. रात्री तिने मला बाजूला घेऊन, "आपल्यात चांगली पोरं नाहीत का?" हेही विचारून घेतलंच.

दुसऱ्या दिवशी आजी-नात कोथळीला मुक्ताईच्या जुन्या मंदिरात गेल्या. मी ड्रायव्हर. लहानपणापासून शंभरदा गेलो असेन, पण मुक्ताबाईचं वय कधी मोजलं नव्हतं. परंपरेत सांगतात ती सालं धरली, १२७९ ते १२९७, तर सगळं आयुष्य अठरा वर्षांचं. तेवढ्यात चौदाशे वर्षं तप केलेला चांगदेव तिचा शिष्य झाला. चौदाशे वर्षांचा अनुभव असलेला सीनियर एका फ्रेशरपुढे बसतो, असं आमच्या कंपनीत झालं तर मी राजीनामा देईन. :-) आणि ताटीचे अभंग. भाऊ रागावून झोपडीची ताटी लावून आत बसलाय, आणि ही चिमुरडी बाहेर बसून त्याला समजावतेय. इतकी वर्षं ही गोष्ट मी मुक्ताबाईच्या मोठेपणाची म्हणून ऐकली. या वेळी गाडीत बसल्या बसल्या वाटलं की दार तिने ढकललं नाही, हेच केवढं. ताटी म्हणजे काय, काड्यांचं दार. सहज मोडलं असतं.

आमच्याकडे वयं उलटी आहेत, दार लाकडी आहे आणि आतून गाणी वाजत असतात. तरी.

जानेवारीत मी त्या मुलाच्या घरी गेलो. लेकीला विचारून, तिने आधी डोळे मोठे केले, मग पत्ता दिला. त्याचे वडील भोसरी एमआयडीसीत कामाला. दोन बाप एका सोफ्यावर, मधे फरसाणाची बशी. आधी दहा मिनिटं ट्रॅफिकवर बोललो. मग मी म्हटलं, आमच्याकडून कुणीही कधी पोलिसांत जाणार नाही, हे सांगायला आलोय. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी धमकीच दिली. म्हणून मग सगळं नीट सांगावं लागलं, केळीच्या बागेत सांगितलं होतं तसं. त्यांचा मुलगा दोन एप्रिलला अठराचा होतो. म्हणजे त्या दिवसापासून त्याला बाल न्याय मंडळ नाही, सरळ कोर्ट. आमची मुलगी अठराची होणार पुढच्या वर्षी जूनमध्ये.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही त्याला एवढंच सांगितलं होतं, की मुलीचं नाव खराब करू नको. त्याला स्वतःला काय होऊ शकतं, हे कुणी सांगितलंच नाही."

मुलगा चहा घेऊन आला. उंच, किडकिडीत, हाताला शाईचे डाग. सगळं उभ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, म्हणजे आम्ही भेटायचं नाही का?"

त्याच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, भेटा. चारचौघांत भेटा, आठच्या आत घरी या, आणि पुढचं काही मनात आलं तर सतरा महिने थांबा. सतरा कसे हे त्याने मनात मोजलं, हे मला त्याच्या बोटांवरून दिसलं. ऐकेल का, मला माहीत नाही.

बारावीची परीक्षा चालू आहे. आई फोनवर दर आठवड्याला विचारते, जेवायला आला का? भाऊ काहीच विचारत नाही, पण परवा त्याने केळीच्या वेफर्सचं पार्सल पाठवलं ते नेहमीपेक्षा मोठं होतं. कदाचित भाव पडलाय म्हणून असेल. दोन एप्रिल माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवली आहे. लेकीने ती बघितली आणि विचारलं, "बाबा, तुम्ही त्याचा वाढदिवस का सेव्ह केलाय?" म्हटलं, बस, सांगतो.